मुलींच्या खो-खो संघात तिला घ्यावं का? शालेय स्पर्धा आणि ट्रान्स विद्यार्थी

पीटी_मास्तर
4 ऑगस्ट 2025, रात्री 9.40

नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात पीटी शिकवतो. तालुका सांगत नाही. सांगितला तर पोर कुठलं ते दोन फोनांत कळेल, आपल्याकडची माणसं किती चौकस ते ठाऊकच आहे. बारीकसारीक तपशीलही मुद्दाम बदललेत.

नववीत एक विद्यार्थिनी आहे. दाखल्यावर आणि आधारवर मुलगा. गेल्या वर्षापासून ती स्वतःला मुलगी म्हणते. आईला माहीत आहे, बापाला माहीत असून माहीत नाही. वर्गातल्या मुलींनी तिला कधीच आपल्यात घेतलंय, डबा एकत्र खातात. मुलांचा त्रास आहे, तो कसला असतो हे सांगायला नको.

खो-खो अप्रतिम खेळते. पाटीत बसलेली असते तेव्हा झोपल्यासारखी वाटते, पण खो मिळाला की समोरचा गडी दोन पावलांत सापडतो. खांबाला वळसा घालताना एक हात खांबाला, दुसरा पुढं, आणि सगळं अंग जमिनीला समांतर. हे मी शिकवलेलं नाही. मागच्या वर्षी मुलांच्या संघात होती. यंदा येत नाही म्हणाली. कारण विचारलं तर गप्प. मग एका मुलीनं सांगितलं: मुलांसोबत टेम्पोतून जायचं आणि त्यांच्यासमोर जर्सी बदलायची, ते तिला नको. संध्याकाळी सरावाला मात्र येते आणि मुलींच्या पाटीत जाऊन बसते. मी काही बोललो नाही.

आता तालुका स्पर्धा तोंडावर आल्या. संघाची यादी हेडमास्तरांच्या सहीनं टीपीईओंकडे, म्हणजे तालुक्याच्या शारीरिक शिक्षण अधिकाऱ्यांकडे जाते. अर्जात रकाने दोनच, बालकरु आणि बालकियरु, म्हणजे मुलगे आणि मुली. हेडमास्तर म्हणतात, ‘सर, भानगड नको, यंदा प्रेक्षकांत बसवा.’

कायदा काय म्हणतो? आणि कायदा बाजूला ठेवला तर समोरच्या शाळेच्या मुलींवर अन्याय होतो का? कुणाला अनुभव असेल तर लिहा. टिंगल करायची असेल त्यांनी आपापल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर करावी.

—

घाटमाथा
4 ऑगस्ट, रात्री 9.58

रुमाल टाकतो. विषय महत्त्वाचा आहे, वाचतोय.

—

गावकरी_62
4 ऑगस्ट, रात्री 10.20

मास्तर, हे सगळं अमेरिकेचं खूळ ओ. मोबाइलमधनं आलेलं. आमच्या वेळेला शाळेत असलं काय नव्हतं. आज तुम्ही मुलींच्या संघात मुलगा घातलासा तर उद्या सगळ्याच शाळा घालतील की, ढाल पाहिजे म्हणून. मग आमच्या नातींनी खेळायचं कुठं?

—

जुनी_खोखोपटू
4 ऑगस्ट, रात्री 10.41

काका, ‘आमच्या वेळेला नव्हतं’ कसं म्हणता ओ? सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर कधी गेला नाहीत काय? माघी पौर्णिमेला तुमच्याच गावातनं गाड्या जातात. तिथं साडी नेसून, डोक्यावर देवीची टोपली म्हणजे जग घेऊन नाचणाऱ्या जोगत्यांच्या पाया आपली आजी पडायची, त्या कोण होत्या? त्याही कुठल्यातरी शाळेत जात असतीलच की पहिली दोन-चार वर्षं. शाळेत दिसत नव्हत्या कारण शाळेत टिकत नव्हत्या.

बळ्ळारीकडच्या मंजम्मा जोगती कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्षा झाल्या, 2021 मध्ये पद्मश्री घेताना राष्ट्रपतींची दृष्ट काढली, तो व्हिडिओ तुम्हीही फॉरवर्ड केला असणार. देवळात चालतात, राष्ट्रपती भवनात चालतात. फक्त तालुका स्पर्धेच्या मैदानावर चालत नाहीत.

खेळाबद्दल: ‘ढाल पाहिजे म्हणून मुलगे घालतील’ ही भीती मला पटत नाही. आपल्या भागात कुठला मुलगा एका ढालीसाठी स्वतःला मुलगी म्हणवून घेईल? गावात राहायचंय त्याला. ढालीसाठी शाळा काय करतात ते मी सांगते: वय चोरतात. सतरा वर्षांखालच्या गटात मिशा फुटलेले बाप्ये उतरवतात आणि पंच जन्मदाखला बघून मान डोलावतात. त्यावर असा धागा कधी निघाला नाही.

—

वकील_कॅम्प
5 ऑगस्ट, सकाळी 7.15

कायद्यापुरतं बोलतो.

सर्वोच्च न्यायालयाचा नालसा निकाल 15 एप्रिल 2014 चा. स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क तिथं मान्य झाला. नंतर 2019 चा ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा आला, तो 10 जानेवारी 2020 पासून लागू आहे. त्याचं 13 वं कलम खास शिक्षणसंस्थांसाठी आहे: सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या प्रत्येक संस्थेनं ट्रान्सजेंडर व्यक्तींना इतरांच्या बरोबरीनं, भेदभाव न करता, शिक्षणाची आणि खेळाचीही संधी द्यायची. खेळ हा शब्द कलमात स्पष्ट आहे. त्यामुळं हेडमास्तरांचं ‘प्रेक्षकांत बसवा’ टिकत नाही.

गुंता पुढं आहे. कुठल्या गटात खेळवायचं हे कलम सांगत नाही. ओळख प्रमाणपत्र जिल्हा दंडाधिकारी देतात, म्हणजे आपल्याकडं डीसी. अठरा वर्षांखालच्या मुलासाठी अर्ज पालकांनी करायचा. बाप सही करणार नसेल तर गाडी तिथंच थांबली. बरं, सही केली आणि प्रमाणपत्र आलं, तरी त्यावर ‘ट्रान्सजेंडर’ असं येतं. ‘स्त्री’ असं हवं असेल तर शस्त्रक्रियेनंतर वेगळा अर्ज. नववीतल्या मुलीपुढं तो विषय काढायचाही नाही. म्हणजे कागद हातात असूनही ती मास्तरांच्या दोन रकान्यांत कुठं बसते, हा प्रश्न उरतोच.

कामाची एक गोष्ट आहे. केरळ उच्च न्यायालयात 2022 मध्ये एका ट्रान्स महिलेनं जिल्हा ज्युडो स्पर्धेसाठी अर्ज केला होता. न्यायालयानं अंतरिम आदेशात सांगितलं की ट्रान्सजेंडर खेळाडूंसाठी वेगळी सोय केलेली नसेल तर तिला तिनं निवडलेल्या गटात खेळू द्यावं लागेल. कर्नाटकावर तो बांधील नाही, पण पत्रात उल्लेख करायला हरकत नाही. आपल्या राज्याचं 2017 चं ट्रान्सजेंडर धोरणही आहे, आणि सरकारी नोकऱ्यांत 1 टक्का आरक्षण देणारं कर्नाटक पहिलं राज्य, 2021 मध्ये. ज्या सरकारनं नोकरीच्या अर्जात तिसरा रकाना केला त्याला खो-खोच्या अर्जात करायला काय अडचण, असं विचारता येतं.

—

सीमावासी
5 ऑगस्ट, सकाळी 8.02

आधी परिपत्रकं मराठीत द्या म्हणावं. मग तिसरा रकाना बघू.

—

संचालक
5 ऑगस्ट, सकाळी 9.30

सीमावासी, त्यासाठी वेगळे चार धागे चालू आहेत, तिथं या. हा धागा भरकटवू नका. रात्रीचे काही प्रतिसाद उडवलेत. ज्यांचे उडालेत त्यांना का ते माहीत आहे.

—

लेकीची_आई
5 ऑगस्ट, दुपारी 2.10

मी विरोधात लिहिणार आहे. शिव्या देण्याआधी पूर्ण वाचा एवढीच विनंती.

माझी मुलगी दहावीत आहे, 400 मीटर पळते. चिकोडी भागातलं गाव, ट्रॅक नाही. पहाटे रस्त्याच्या कडेनं पळते, मी स्कूटीवर मागं. उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले की सराव बंद. तुरमुरीच्या मलप्रभा जाधवनं 2018 च्या एशियाडमध्ये कुराशचं, म्हणजे एक प्रकारच्या कुस्तीचं, कांस्य आणलं, तेव्हा ही आठ वर्षांची होती. तो पेपर अजून कपाटाच्या दाराला आतनं चिकटवलाय. आमच्यासारख्यांना जिल्ह्याला पहिलं दुसरं येणं म्हणजे क्रीडा वसतिगृहाच्या निवडीपर्यंत पोचणं, पुढं सीईटीला क्रीडा कोटा. ढालीचा प्रश्न नाही हा. पोरीचं लग्न बारावीनंतर लावायचं की नाही, त्याचा आहे. नातेवाईक टपलेलेच असतात.

त्या मास्तरांच्या मुलीबद्दल मला वाईट वाटतं, खरंच वाटतं. पण दहावी-अकरावीचा मुलगा अंगानं वाढलेला असतो. तो मनानं मुलगी असेल, पाय तर मुलाचेच ना? माझ्या मुलीच्या शेजारच्या लेनमध्ये तसं कुणी आलं आणि ती दुसरी आली, तर मी तिला काय सांगू? समजून घे म्हणून? मुलींनीच किती वेळा समजून घ्यायचं?

—

घाटमाथा
5 ऑगस्ट, दुपारी 2.35

लेकीची_आई, यात शिव्या देण्यासारखं काहीच नाही. शेवटचा प्रश्न रास्त आहे.

—

डॉ_अनगोळ
5 ऑगस्ट, रात्री 10.50

दवाखाना बंद करून लिहितोय, थोडं लांबेल.

लेकीची_आई म्हणतात त्यात शरीरशास्त्र आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. वयात येण्यापूर्वी मुलगा-मुलगी यांच्या पळण्यात फरक अगदी थोडा. अकरा-बारानंतर मुलांचं टेस्टोस्टेरॉन अनेक पटींनी वाढतं. उंची, फुप्फुसं, हिमोग्लोबिन, स्नायू, सगळं वाढतं. चांगल्या धावपटूंमध्ये हा फरक साधारण 10 ते 12 टक्के पडतो, उडीत त्याहून जास्त, हाताच्या ताकदीत तर बराच. 400 मीटरमध्ये दहा टक्के म्हणजे दुसरी स्पर्धाच. आणि नंतर औषधांनी टेस्टोस्टेरॉन खाली आणलं तर हिमोग्लोबिन काही महिन्यांत उतरतं, स्नायूंची ताकद मात्र वर्षभरात थोडीच कमी होते. हाडांची लांबी तर राहतेच.

म्हणून आंतरराष्ट्रीय संघटना कडक झाल्या. पोहण्याच्या संघटनेनं 2022 मध्ये, वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सनं मार्च 2023 मध्ये, आयसीसीनं नोव्हेंबर 2023 मध्ये नियम केला की पुरुषी वयात येणं पार केलेल्या ट्रान्स महिलांना महिला गटात खेळता येणार नाही. ट्रान्स क्रिकेटपटू अनाया बांगरची बातमी वाचली असेल, तिची अडचण हीच.

पण एक लक्षात घ्या, हे नियम आंतरराष्ट्रीय सामन्यांचे आहेत. तालुक्याच्या खो-खोसाठी कुणी लिहिलेले नाहीत. मास्तरांच्या नववीतल्या मुलीचं वय, तिची वाढ कुठवर झालीय, खेळ कुठला, पातळी कुठली, यावर उत्तर बदलतं. चौदा वर्षांच्या दोन मुलींतच वीतभर उंचीचा फरक असतो. आपल्याकडं वयात येणं थांबवणारी औषधं वगैरे खेड्यातल्या मुलांपर्यंत पोचतच नाहीत, तेव्हा ती चर्चाही इथं नको.

मला जास्त काळजी दुसऱ्या गोष्टीची आहे. समजा उद्या नियम केला की संशय आला तर तपासा. तपासणी कोणाची होणार? ट्रान्स मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. तपासल्या जातील त्या केस बारीक कापलेल्या, छाती सपाट असलेल्या, जिंकणाऱ्या मुली. लेकीची_आई, तुमची मुलगी उद्या जिल्ह्यात पहिली आली तर समोरच्या शाळेचा कोच बोट तिच्याकडंच दाखवणार. तमिळनाडूच्या शांती सौंदराजनचं 2006 च्या दोहा एशियाडमधलं 800 मीटरचं रौप्य अशाच चाचणीनं गेलं. ती जन्मापासून मुलगी म्हणून वाढलेली, वीटभट्टी मजुरांच्या घरातली. धावपटू द्युती चंदला 2014 मध्ये संघातून काढलं, 2015 मध्ये क्रीडा लवादाकडं लढून परत आली. दोघीही ट्रान्स नव्हत्या. 1 सप्टेंबर 2025 पासून वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्स जागतिक स्पर्धेच्या महिला गटासाठी जनुक चाचणी सक्तीची करतंय. तिथं डॉक्टर आहेत, प्रयोगशाळा आहे, गोपनीयतेचे नियम आहेत. आपल्या तालुका स्पर्धेत काय असतं? एक मंडप, एक माइक आणि माइकवर बसलेला उत्साही माणूस.

—

गावकरी_62
6 ऑगस्ट, सकाळी 6.40

डॉक्टर, माइकवाल्याचं मात्र खरं बोललासा.

—

ओहायोत_बेळगावकर
6 ऑगस्ट, सकाळी 8.05

गावकरी काका, ‘अमेरिकेचं खूळ’ म्हणालात म्हणून लिहितोय. इथं खूळ उलट्या दिशेनं आलंय. आयडाहो राज्यानं 2020 मध्ये ट्रान्स मुलींना मुलींच्या संघात बंदी केली, मग निम्म्याहून जास्त राज्यांनी. या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्षांनी त्यावर आदेशच काढला. आणि मुलं किती? कॉलेज खेळांच्या संघटनेच्या अध्यक्षांनी डिसेंबरमध्ये संसदेच्या समितीपुढं सांगितलं की 5 लाख 10 हजार खेळाडूंत त्यांना माहीत असलेले ट्रान्स खेळाडू दहापेक्षा कमी. एवढ्यांसाठी निवडणुका लढवल्या गेल्या.

माझा मुलगा इथल्या शाळेत सॉकर खेळतो. मॅचच्या वेळी पालक आपापसात भांडतात, मुलं बाजूला बॉल मारत बसतात. दोन्ही बाजूंचे फलक इकडनं उचलून बेळगावात लावू नका एवढंच म्हणणं. तिथला प्रश्न वेगळा आहे. इथं मुलाला वेगळी चेंजिंग रूम मिळते, तिथं मुलींना शौचालय असलं तरी पुष्कळ.

—

रेणुका_निपाणी
6 ऑगस्ट, रात्री 11.20

दोन दिवस वाचतेय. लिहू की नको करत होते.

मी ट्रान्स आहे. सीमाभागातल्याच एका शाळेत नववीपर्यंत शिकले. कुठली ते सांगून उपयोग नाही, तेव्हाचे सर निवृत्त झालेत. मी कबड्डीत होते. मुलांच्या संघात, दुसरा संघ कुठला असणार? चढाई चांगली होती, अंगानं बारीक होते, निसटायचे. पकडीत कोण कुठं धरायचं ते सगळ्यांना दिसायचं. ‘सर, तो मुद्दाम करतोय’ म्हटलं की सर म्हणायचे, कबड्डी आहे, पकडणारच. मैदानावर चड्डी-बनियनवर उभं राहायचं, सगळे गोल करून बघायचे. मग पीटीच्या तासाला पोटात दुखायला लागलं. मग त्या दिवशी शाळाच नको. मग आठवडाभर. कुणी काढलं नाही मला शाळेतनं, हे लक्षात घ्या. पट कमी होतोय म्हणून घरी बोलवायला मास्तर आलेसुद्धा. मी माळ्यावर लपले होते.

नंतरचं सांगत नाही, तुम्ही सगळ्यांनी बाजारात बघितलेलंच आहे. आता एका संस्थेत काम करते, पगार आहे. सरकारी बसमध्ये बायकांना फुकट प्रवासाची शक्ती योजना आहे ना, त्यात आम्हालाही झिरो तिकीट आहे, 2023 पासून. कधी कंडक्टर गुमान देतो, कधी आधार मागतो, कधी अख्ख्या बसला ऐकू जाईल असं विचारतो. एवढ्याशा तिकिटाला हे, तर संघाच्या यादीला काय होत असेल बघा.

लेकीची_आई, तुमचा राग मला समजतो. तुमच्या मुलीचं पदक मला नको होतं, त्या पोरीलाही नको असणार. तिला टेम्पोत मुलींच्या बाजूला बसायचंय.

डॉक्टरसाहेब, तुम्ही सगळं ट्रान्स मुलींबद्दल लिहिलंत. मुलगी म्हणून जन्मलेले पण मुलगा असलेले पण असतात की ओ. आमच्या संस्थेत असा एक येतो. थ्रोबॉल भारी खेळायचा, स्कर्ट घालून उतरावं लागायचं म्हणून सोडलं. त्याला मुलांत घेतलं असतं तर कुणाचं काय गेलं असतं? त्याच्याबद्दल कधीच कुणी धागा काढत नाही, कारण तो जिंकेल अशी कुणाला भीती नाही.

आणि मास्तर, एक विनंती. ‘संघासोबत ये, पाणी दे, स्कोअर लिही’ असलं करू नका. पाण्याच्या बाटल्या मीही खूप उचलल्या.

—

जुनी_खोखोपटू
7 ऑगस्ट, सकाळी 7.00

रेणुकाताई, लिहिलंत ते बरं केलंत.

—

डॉ_अनगोळ
7 ऑगस्ट, सकाळी 9.15

रेणुकाताई, ट्रान्स मुलग्यांचा मुद्दा बरोबर. त्यांच्या बाबतीत फायद्याचा प्रश्नच नाही, कबड्डी-कुस्तीत दुखापतीचा विचार करायचा आणि तोही वजन बघून. तसा तो सगळ्याच मुलांच्या बाबतीत करायला हवा.

—

घाटमाथा
7 ऑगस्ट, दुपारी 1.30

वेगळा गट का नाही करत? केरळच्या क्रीडा परिषदेनं 2017 मध्ये ट्रान्सजेंडर खेळाडूंची राज्यस्तरीय स्पर्धा घेतली होती. मणिपूरमध्ये 2020 मध्ये फुटबॉल संघ झाला. तसं केलं की कुणाचीच तक्रार नाही.

—

रेणुका_निपाणी
7 ऑगस्ट, दुपारी 3.05

मोठ्यांसाठी चांगलं आहे, मी स्वतः जाईन. पण शाळेत? खो-खोला मैदानावर नऊ लागतात. अख्ख्या तालुक्यात उघडपणे सांगणारी एक मुलगी सापडली तर पुष्कळ, तिनं कुणाला खो द्यायचा? आणि वेगळ्या गटात नाव घालायचं म्हणजे माइकवरनं गावाला सांगायचं.

—

जुनी_खोखोपटू
7 ऑगस्ट, सायंकाळी 6.45

लेकीची_आई आणि मास्तर, तुम्ही दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलत नाही आहात, असं मला वाटतं.

400 मीटर हा घड्याळाचा खेळ. एकटीनं पळायचं, एकटीचा नंबर, त्यावर वसतिगृह आणि कोटा. तिथं दहा टक्के म्हणजे दहा टक्के, आणि सतरा वर्षांखालच्या जिल्हा निवडीत मुलींचा गट सांभाळला पाहिजे हे मला मान्य आहे. खो-खो तसा नाही. उंच गड्याला खाली वाकून खो द्यायला उशीर होतो, बचावात उंच खेळाडू लवकर टिपला जातो. ताकदीपेक्षा डोकं आणि वळणं. मी खेळायचे तेव्हा सरावाला मुलांचा संघ समोर असायचा आणि दर वेळी आम्ही हरत नव्हतो. फायदा शून्य असं म्हणत नाही. सरळ पळण्यात मुलगे पुढं जातातच. पण नऊ जणींच्या साखळीत एकीचा वेग किती पुरणार? पाटीतली एक जरी उशिरा उठली तरी गडी सुटतो.

क्लस्टर (आसपासच्या शाळांचा गट) आणि तालुक्यापर्यंत खेळवा, मुलींच्या संघात खेळवा. संघ पुढं गेला तर जिल्ह्याच्या वेळी वरचे काय म्हणतात ते लेखी घ्या. पहिल्याच पायरीवर शेवटच्या पायरीचा नियम लावायचा आणि पोराला मैदानाबाहेर उभं करायचं, हे मला पटत नाही. जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, आपल्या पोरींनी जिंकला. तिथं काय नियम लावायचे ते लावा. आमच्या तालुक्याच्या चिखलातल्या मैदानावर चुना फक्की दिसत नाही, तिथं जागतिक नियम कसले लावताय?

—

लेकीची_आई
7 ऑगस्ट, रात्री 9.20

घड्याळाच्या खेळाबद्दल मान्य करताय, ते मला हवं होतं. संघाच्या खेळाबद्दल माझा आग्रह नाही. पण ‘वरचे काय म्हणतात ते बघू’ यात माझ्यासारख्या पालकांनाही कुणीतरी विचारावं. शाळा सुधारणा समितीच्या बैठकीत आयांना चहा करायला बोलवतात.

डॉक्टर, बोट दाखवण्याचं तुम्ही म्हणालात ते डोक्यातनं जात नाही. हिचे केस बारीकच आहेत. गेल्या वर्षी कुणीतरी ‘ए पोऱ्या’ म्हणून हाक मारली होती, आम्ही हसण्यावारी नेलं.

—

गावकरी_62
8 ऑगस्ट, सकाळी 6.30

माझं मत बदललं असं समजू नका. मुलींच्या शर्यतीत मुलगा नको म्हणजे नको. पण ते पोर सरावाला रोज येतंय आणि मुलींना चालतंय, तर खो-खोला मास्तरांनी बघावं. बापाला कुणीतरी मोठ्या माणसानं जाऊन भेटा. मास्तरनं एकट्यानं जाऊ नये, चिडला तर पोराला मारील.

—

पीटी_मास्तर
9 ऑगस्ट, रात्री 10.15

सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगतो.

पहिल्यांदा तिला विचारलं. मुलींच्या संघाच्या कॅप्टनला सोबत घेऊन, पीटी रूममध्ये. खेळायचंय म्हणाली. नाव पुकारताना पूर्ण नाव घेऊ नका, आडनावावरनं बोलवा, एवढीच तिची अट. मुलींना विचारलं तर त्या माझ्याकडं असं बघायला लागल्या की सर हे आत्ता विचारताय?

आसपासच्या शाळांच्या पीटी शिक्षकांना फोन केले. काहींनी हसून सोडून दिलं, काहींनी ‘आमची हरकत नाही’ म्हटलं, एकानं स्पष्ट सांगितलं की हरलो तर तक्रार करणार. जिंकलो तर नाही का, विचारलं. उत्तर आलं नाही.

हेडमास्तरांपुढं 13 वं कलम ठेवलं. चष्मा लावून दोनदा वाचलं. ‘लेखी विचारा, तोंडी काही नको’ म्हणाले. म्हणजे सही करायला तयार आहेत असं मी समजतो. बापाकडं गावकरी काकांनी सांगितल्याप्रमाणं आमचे एक जुने मराठीचे सर जाणार आहेत, गणपतीच्या आधी. प्रमाणपत्राचा विषय आत्ता काढायचा नाही असं ठरलंय.

टीपीईओंना द्यायचं पत्र असं केलंय, वकीलसाहेब बघा:

‘आमच्या शाळेच्या सतरा वर्षांखालील मुलींच्या खो-खो संघात कुमारी अमुक, इयत्ता नववी, ही ट्रान्सजेंडर विद्यार्थिनी खेळू इच्छिते. ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा 2019, कलम 13 अन्वये तिला खेळाची समान संधी देणे शाळेवर बंधनकारक आहे. सदर विद्यार्थिनीस तालुकास्तरीय स्पर्धेत मुलींच्या संघातून खेळण्यास परवानगी मिळावी. परवानगी नाकारल्यास नियमाचा उल्लेख करून लेखी कळवावे. तसेच स्पर्धेच्या ठिकाणी कपडे बदलण्यासाठी बंद खोलीची सोय व्हावी, ही विनंती.’

बंद खोलीची सोय सगळ्याच मुलींसाठी मागतोय. आजवर साडी आडवी धरून चाललंय.

—

रेणुका_निपाणी
9 ऑगस्ट, रात्री 10.40

शेवटची ओळ पहिली लिहा.

—

वकील_कॅम्प
10 ऑगस्ट, सकाळी 7.30

पत्र बरं आहे, दोन-तीन दुरुस्त्या. मुलीचं नाव आणि इयत्ता काढा, ‘आमच्या शाळेची एक विद्यार्थिनी’ पुरे. कार्यालयात कागद किती हातांतून जातो ते तुम्हाला माहीत आहे. परवानगी मिळाल्यावर यादीत नाव जाईलच. ‘परवानगी मिळावी’ ऐवजी ‘खेळवत आहोत, हरकत असल्यास अमुक तारखेपर्यंत लेखी कळवावे’ असं लिहा. परवानगी मागितली की फाइल वर जाते आणि स्पर्धा संपल्यावर खाली येते. केरळचा आदेश सोबत जोडा, कन्नडमध्ये चार ओळींचा सारांश करून. बेळगाव आणि चिकोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे आहेत, तुमचे डीडीपीआय (शिक्षण खात्याचे उपसंचालक) ज्या बाजूचे त्यांना प्रत पाठवा. बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालयाची पोच शिक्क्यासकट घ्या. पोच देत नसतील तर पोस्टानं पाठवा. रजिस्टर करणार असाल तर आधी चौकशी करा, ते स्पीड पोस्टात विलीन होतंय आणि आमच्या पोस्टातल्या बाई आत्तापासूनच गोंधळल्यात.